सात लांडगे आणि मी, एक गंजकी करवत

मी करवत बोलतेय. दचकू नका, आज माझं पोट भरलेलं आहे.

जन्मले सुताराच्या हातासाठी. त्या खोडकराने शेजाऱ्याच्या खुर्चीचा एक पाय माझ्याकडून बोटभर कमी करवला. शेजारी वर्षभर डुलत पेपर वाचत होता, आणि दोष देत होता जमिनीला!

सुतार थकला, तेव्हा त्याच्या मेव्हण्याने, म्हणजे जंगलात जनावरांचा माग काढणाऱ्या मामाने, मला उचललं आणि आपल्या पशुवैद्य भाचीला, म्हणजे ताईला, दिलं. तेव्हापासून मी हाडं कापते. हिवाळ्यात बर्फावरचा माग धरून दोघं लांडग्यांनी मारलेलं हरीण शोधतात. मी मांडीचं हाड उघडते. आतला मगज मेणासारखा पांढरा असेल, तर हरीण धडधाकट होतं. लाल, लिबलिबीत असेल, तर उपासमारीने आधीच संपत आलेलं.

एका हिवाळ्यात पाच पांढरे निघाले, पाच लाल. वनखात्याच्या साहेबांच्या खिशात हुकूम होता: पांढरे जास्त निघाले, म्हणजे लांडगे धडधाकट हरणं मारताहेत असं ठरलं, तर सातही लांडग्यांना गोळ्या घालायच्या. अकरावं हरीण सापडलं त्या सकाळी साहेब स्वतः आले, नवीकोरी बॅटरीची करवत घेऊन.

हरणाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "केवढं गुबगुबीत! कापायचं कशाला? पांढरा लिहा."

"साहेब, थंडीत सगळेच गुबगुबीत दिसतात," मामा म्हणाला. "कोट काढा, मग बघू तुमचं किती उरतं ते."

"मामा, गप्प बस," ताई हसू दाबत म्हणाली. "कापल्याशिवाय मी काही लिहिणार नाही."

साहेबांची करवत एकदा गुरगुरली आणि थंडीने गारठून गप्प झाली.

"हिलाही कोट घालायचा होता," मामा पुटपुटला.

"काढा तुमचं ते गंजकं!" साहेब ओरडले.

गंजकं? मला? अशी चवताळले म्हणून सांगू! अर्ध्या हाडात माझा एक दात तुटला. थांबले नाही. दुसरा तुटला. तरी नाही. हाड उघडलं.

लालभडक. लिबलिबीत.

"एका हाडाने काय होतं?" साहेब म्हणाले.

"पाच पांढरेही मीच लिहिलेत साहेब," ताई म्हणाली. " तेव्हा तुम्ही असं विचारलं नव्हतं."

हुकमाची घडी साहेबांच्या खिशातच राहिली.

आता मी ऑफिसात खिळ्याला लटकते. गळ्यात साहेबांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'भंगार'. मामा सांगतो, लांडगे आता नऊ झालेत.

भंगारवाल्या, खुशाल ये मला न्यायला. पण हातमोजे घालून ये. माझे दोनच दात पडलेत.