डोहाळ्यांच्या निवट्या

ठाण्यात विज्ञान चित्रपट महोत्सव भरवायचाच, हे खूळ त्र्यंबक टिपणीस मास्तरांच्या डोक्यात शिरलं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं, आणि तरी गावातला शिकलेला माणूस ग्रहण लागलं की पाण्यात तुळशीपत्र टाकून गप्प बसतो, याची त्यांना मनापासून चीड होती. लोकांना माहीत नसतं म्हणून लोक मरतात, हे त्यांचं आवडतं वाक्य. वर्गात, लग्नात, मयताला, कुठेही ते म्हणायचे.

आंधळा मागतो एक डोळा नि देव देतो दोन, तसं झालं. मास्तर तारे आणि साप यांच्यावरचे माहितीपट शोधत होते, तर पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक म्हणाला, मी तुमच्या खाडीवरच चित्रपट करतो, पहिला खेळ तुमच्या महोत्सवात. मास्तर हरखून गेले. खाडीची माहिती कोणाला, तर मंजुळेला. मंजुळा कोळीण वीस वर्षं दर बुधवारी आणि शुक्रवारी मास्तरांच्या दारात टोपली उतरवायची. तिचा नवरा दामाजी खाडीत होडी घालायचा आणि ती गल्ल्यागल्ल्यांतून मासे विकायची. मास्तर स्वतः दिग्दर्शकाला तिच्या ओट्यावर घेऊन गेले.

चित्रीकरणाच्या दिवशी मंजुळा नवं लुगडं नेसून, होतं नव्हतं ते सोनं गळ्यात घालून बसली. दिग्दर्शकाने विचारलं, "मासे कुठले?" ती कॅमेऱ्याकडे बघून ठसक्यात म्हणाली, "आमचे खाडीचं म्हावरं हाय. बरफाचं नाय. आमी घरी खातो, तेच तुमाला देतो." त्या दिवसापासून तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला आमंत्रण दिलं. "माझा शिनेमा येनार हाय. सगल्यांनी बगाला याचा."

महोत्सवाला तीन आठवडे असताना दिग्दर्शक तयार रिळं घेऊन आला. शाळेच्या प्रयोगशाळेचं दार लावून दोघांनी चित्रपट पाहिला. सुरुवातीला होड्या, पक्षी, हसणारी मंजुळा. मग प्रयोगशाळेतल्या बाटल्या. खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका कारखान्याचं पाणी चिखलात पारा सोडत होतं, आणि तो पारा माशांत उतरला होता. चिखलातच राहणाऱ्या निवट्यांत सगळ्यात जास्त. शेवटी एक डॉक्टर सांगत होते, की मोठ्या माणसापेक्षा पोटातल्या बाळाला याचा धोका फार, बाळाचा मेंदूच अधू होऊ शकतो, आणि आईला काही कळतही नाही.

दिवा लागला तसे मास्तर उठून दाराकडे निघाले.

"सर, एक अक्षर बाहेर जाता कामा नये," दिग्दर्शक म्हणाला. "कारखान्याला कुणकुण लागली तर कोर्टातून बंदी आणतील. एकदा चारशे लोकांनी पाहिलं, की मग कोण दाबणार?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मास्तरांनी शब्द दिला.

मास्तरांची सून शालन तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. त्या संध्याकाळी जेवताना मास्तर सहज बोलल्यासारखं म्हणाले, की आता बाळंतपणापर्यंत खाडीचे मासे घरात नकोत, पोट बिघडतं. शालनने मान डोलावली. घरापुरतं काम इतकं सोपं होतं.

शुक्रवारी मंजुळा आली. मोठी टोपली खाली ठेवून तिने पदराखालून केळीच्या पानात बांधलेला पुडा काढला. आत निवट्या होत्या, अजून वळवळणाऱ्या.

"शालनला डोहाले लागले ना? आमची मालन बी आयली हाय पयल्या बालतपनाला. सातवा सरला. दोगींना सारख्याच आनल्या बगा."

मास्तरांनी पैसे पुढे केले तेव्हा ती रागावली. पोटुशीच्या डोहाळ्यांच्या म्हावऱ्याचे पैसे कोळीण घेत नाही, घेतले तर आपल्याच लेकीची ओटी रिकामी होते, अशी त्यांच्यात समजूत. मास्तरांच्या हातात पुडा होता आणि जिभेवर शब्द होता. नको म्हटलं तर ती का म्हणून विचारणार. एकदा मंजुळेला कळलं की तासाभरात सगळ्या कोळीवाड्याला कळणार, आणि उद्या कारखान्याला. तीन आठवडेच तर आहेत, त्यांनी स्वतःला समजावलं, आणि पुडा घेतला.

ती गेल्यावर ते मागच्या अंगणात गेले. जास्वंदीखाली खड्डा खणला. घरातली मांजर वासाने पायात घोटाळू लागली, तिला त्यांनी हाकललं, पुडा पुरला आणि मांजर उकरू नये म्हणून वर फरशीचा तुकडा ठेवला. हात तीनदा साबणाने धुतले.

मंजुळा पुन्हा बुधवारी आली, पुन्हा शुक्रवारी. पुडा चुकला नाही. एकदा न राहवून मास्तर म्हणालेसुद्धा, "अगं, मालनला सारखे मासेच नको देऊस. डाळ दे, पालेभाजी दे."

मंजुळा खदखदून हसली. "कोल्याच्या पोरीला पाला घालू, मास्तर? शेलीला घालतात तो?"

मास्तरही हसले. मालन त्यांच्याच हाताखाली शिकलेली, पुढच्या बाकावर बसणारी पोर. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, पण झोप न लागल्याने मालनच्या ताटात काय फरक पडणार? माणूस नुसत्या तळमळण्यालाच सत्कर्म समजतो.

महोत्सवाच्या रविवारी दुपारी चारला शाळेचं सभागृह भरलं. खिडक्यांना काळे कागद लावले होते, पंखे गरम हवा फिरवत होते. मंजुळा पहिल्या रांगेत, तेच लुगडं, तेच सोनं. शेजारी अवघडून बसलेली मालन, पलीकडे टोपी मांडीवर घेतलेला दामाजी. मागे तीन गल्ल्यांतली गिऱ्हाइकं. पडद्यावर मंजुळा दिसली तेव्हा कोळीवाड्याच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "आमी घरी खातो, तेच तुमाला देतो," पडद्यावरची मंजुळा म्हणाली, आणि सगळं सभागृह कौतुकाने हसलं.

तेच वाक्य पंधरा मिनिटांनी पुन्हा आलं, डॉक्टरांच्या बोलण्यानंतर. तेव्हा कोणी हसलं नाही.

प्रोजेक्टरपाशी उभ्या असलेल्या मास्तरांना मंजुळेची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ हलली नाही. मालनचा हात मात्र हळूच वर आला आणि पोटावर टेकला.

दिवे लागले. गिऱ्हाइकं पहिल्या रांगेकडे बघायचं टाळत होती. दिग्दर्शक मंचावर चढला, त्याने मास्तरांना वर बोलावून शाल आणि नारळ दिला, आणि भारावल्या आवाजात म्हणाला, "या चित्रपटाचं खरं श्रेय सरांचं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी तो पाहिला. पण कानोकान खबर लागू दिली नाही. असा पोटात ठेवणारा माणूस मिळाला म्हणून आज सत्य तुमच्यापुढे आलं."

टाळ्या पडल्या. मास्तर खाली उतरले, तोवर मंजुळा उभी राहिली होती. ती आता धंदा बुडाला म्हणून आकांत करणार, असं सगळ्यांना वाटलं. कोणीतरी पुढे होऊन म्हणालंही, "मंजुळाबाई, नुकसानभरपाईसाठी अर्ज करू आपण." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मास्तर, तीन आठवडे झाले?"

"हो."

"म्हंजे मी पयला पुडा आनला, तवा तुमाला ठावं होतं."

"हो. मंजुळा, ऐक, जर आधी बोललो असतो तर कारखान्यानं..."

"शालननं खाल्ल्या निवट्या?"

खाल्ल्या म्हणाले असते तर कदाचित तिने माफ केलं असतं. पण बत्तीस वर्षं खरं बोला म्हणून शिकवलेलं, ते नेमकं आता आडवं आलं.

"नाही."

"मंग काय केल्या? मांजरीला घातल्या?"

"पुरल्या. जास्वंदीखाली. वर फरशी ठेवली."

मंजुळेने त्यांच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. मग तिने मालनला दंडाला धरून उठवलं. पोर रडत नव्हती, मास्तरांकडे बघत होती, वर्गात उत्तराची वाट बघायची तशी.

"चल, पोरी," मंजुळा म्हणाली. "मांजरीला बी दिल्या नाय त्यांनी."