किसनरावाच्या सिगारांची पेटी

वासुदेवरावांच्या पेटीचं झाकण नीट बसत नव्हतं, आणि ते बसत नाही तोवर त्यांना जेवण गोड लागत नव्हतं. रेल्वेत गार्ड म्हणून सारा जन्म गेला. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढचं सगळं ठीक आहे ना, एवढंच बघायचं. निवृत्तीनंतर वर्ध्याच्या घरात बघण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. ही पेटी तेवढी होती.

पेटी सिगारांची. सिगार किसनरावाचे. दोघेही पवनारचे, धाम नदीत एकत्र डुंबून मोठे झालेले. किसनराव पुढे जहाजावर फिटर झाला. सुट्टीवर आला की परदेशी सिगार आणायचा. अंगणात बाज टाकून दोघं एकेक ओढायचे आणि उरलेले ‘पुढच्या खेपेले’ म्हणून वासुदेवरावांकडे राहायचे. मागच्या खेपेला त्यांनी मोठ्या ऐटीत पत्र्याचा डबा उघडला, तर वर्ध्याच्या उन्हाळ्याने सिगारांचा पार भुगा केलेला. किसनराव काही बोलला नाही. खिशातून बिड्या काढल्या, एक स्वतः पेटवली, एक मित्राला दिली. एखादी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, पण त्या गप्प बसण्याने वासुदेवरावांच्या जिवाला घोर लागला. जाताना त्याने पुन्हा चार सिगार त्यांच्या हातावर ठेवले. आता काही झालं तरी हे वाळू द्यायचे नाहीत, असं त्यांनी स्टेशनवरच ठरवून टाकलं.

सिगाराला दमट हवा लागते. म्हणून त्यांनी जुन्या दाराच्या सागवानी फळीतून घरीच पेटी बनवली आणि आत साबणाच्या डबीत विटेचा ओला तुकडा ठेवला. पण सकाळी भिजवलेली वीट संध्याकाळी ठणठणीत कोरडी. सगळी ओल झाकणाच्या फटीतून पसार.

आधी त्यांनी कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. फट बुजली, पण आठवडाभरात सिगारांना पंक्चरवाल्याच्या दुकानाचा वास यायला लागला. पट्टी खरवडून काढली आणि मेणबत्ती वितळवून कडेला मेण लावलं. त्या मेणाने मेच्या पहिल्याच दुपारी राम म्हटला आणि झाकण असं चिकटलं की उलथनं घालून काढावं लागलं. मग नेमकी फट कुठे आहे ते कळावं म्हणून त्यांनी पेटीत टॉर्च पेटवून ठेवला आणि अंधार हवा म्हणून पेटीसकट घोंगडीत शिरले. बाहेर नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस सुरू, पाखरंसुद्धा झाडातून बाहेर पडत नव्हती. वच्छलाबाई पाणी द्यायला आल्या तर नवरा डोक्यापासून पायापर्यंत घोंगडीत.

“अहो! काऊन हो, थंडी वाजून आली का? भर उन्हाळ्यात घोंगडीत काय करून राह्यले?”

“उजेड पाहून राह्यलो,” आतून आवाज आला.

वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला, तर कुंकू बोटांना लागलं. उजेड चहूकडून झिरपत होता, घासायचं कुठे ते कळेना, म्हणून वासुदेवराव घामाने निथळत बाहेर आले आणि त्या लाल बोटांवरून त्यांना युक्ती सुचली. त्यांनी आधी बायकोच्या कपाळाकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे. कुंकवाचा करंडा उचलला, बोटावर तेल घेऊन पेटीच्या काठावर कुंकू फासलं आणि झाकण टेकवून उचललं. जिथे लाकूड उंच होतं तिथे झाकणाला लाल ठिपका. जिथे फट, तिथे कोरं.

“देवाचं कुंकू विडीकाडीले लावता! लाज नाई वाटत?”

“विडी नाई, सिगार.”

मग रोजचाच उद्योग झाला. कुंकू लावायचं, ठिपका उठेल तिथे पॉलिशपेपर घासायचा, पुन्हा कुंकू. शेवटी लाल रेघ झाकणाच्या चारही बाजूंना अखंड उमटली. वासुदेवरावांनी झाकण सोडलं तर ते आपटलं नाही. आतल्या हवेवर अलगद उतरलं आणि हळूच ‘फुस्’ म्हणालं. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. वीटही चार दिवस ओली राहिली.

जूनमध्ये किसनराव आला. सदरा खांद्यावरून लोंबत होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासायला आलो, थोडे दिवस इथंच राहीन, एवढं म्हणाला. वासुदेवरावांना धीर कुठला! त्यांनी पेटी त्याच्या मांडीवर ठेवून झाकण उघडलं. चारही सिगार मऊ, तुकतुकीत, नुकतेच जहाजावरून उतरल्यासारखे. माचीस त्यांच्या हातात तयारच होती.

किसनरावाने माचीस बाजूला सारली.

“नाई वासुदेवा. छाती गेली माही. डॉक्टरनं धूर बंद केला, अन् आता कायमचाच.”

वासुदेवरावांना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. सगळा उन्हाळा पाण्यात गेला, असं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. समोर मित्र असा बसलेला आणि आपण पेटीचं रडतोय. ते पेटी उचलायला गेले, पण किसनरावाने ती घट्ट धरली. वाकून तोंड आत घातलं आणि डोळे मिटून कितीतरी वेळ वास घेतला.

“सारं जहाज आलं बे डोळ्यापुढं,” तो म्हणाला आणि मान वर केली. काठावरचं उरलेलं कुंकू नाकाच्या शेंड्याला लागलं होतं. वच्छलाबाईंना हसू आवरेना.

“भाऊजी, यायनं पेटी नाई बनवली, तुमच्या स्वागताचं ताट बनवलं!”

किसनराव हसला, खोकला, पुन्हा हसला. मग रोज दवाखान्यातून आला की बाजेवर बसायचा, पेटी मागायचा, एकदा पोटभर वास घ्यायचा. ‘पुढच्या खेपेले’ हे शब्द मात्र त्याने पुन्हा कधी काढले नाहीत.

“लाव बापा झाकण,” तो म्हणायचा. “उद्याले पुरलं पाह्यजे.”

वासुदेवराव झाकण सोडायचे. ते हवेवर अलगद उतरायचं. मग काठावरून चारही बाजूंनी बोट फिरवून बघायचे, कुठे फट तर राहिली नाही ना.