निकेशदादा म्हणेल तेव्हा

बेलापूरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये अस्मिता पाईकराव हरली, आणि जिंकलेल्या जोडीचा कोच आपल्या पोरांना शाबासकी द्यायची सोडून थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चौतिशीचा, उंच, दाढी वाढलेला. उजव्या हाताचा अंगठा काडीसारखा ताठ.

"तिसऱ्या मिनिटाला गोदामाच्या छपरावर चढलीस. का?"

"वरून सगळं दिसतं म्हणून," ती म्हणाली.

"तुला सगले दिसतात, तशी तू पन सगल्यांना दिसतेस. पाचव्या मिनिटाला उजवीकडं पावलं वाजली, तू डावीकडं बघत होतीस. सातव्याला तुजी पार्टनर मेली तेव्हा तू बॅग उचकत होतीस. बोटं एक नंबर हायत तुजी. डोकं घाबरट हाय."

एवढं बोलून तो निघून गेला. हा निकेश. मूळचा उरणचा. 'आयलंड झीरो' खेळणाऱ्या पोरापोरींमध्ये त्याचं नाव माहीत नाही असं कोणी नव्हतं. खेळ मोबाइलवरचा. पन्नास जोड्या हेलिकॉप्टरमधून एका बेटावर उड्या मारतात, हाताला लागेल ती बंदूक उचलतात, आणि बेटाभोवतीचा गोल आवळत जातो. शेवटी उरते ती जोडी जिंकते. निकेशनं हा खेळ राज्याच्या पातळीवर दोनदा जिंकला होता. मग कंटेनर यार्डात ड्यूटीवर असताना त्याचा अंगठा लोखंडात सापडला आणि त्याचं खेळणं संपलं.

अस्मिता तेव्हा एकवीस वर्षांची. बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षांचा क्लास लावलेला. वडील भगवान हिंगोलीकडचे. द्रोणागिरीच्या एका वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचे. खेळात तिचं नाव होतं 'निळी घार'. चार वर्षं ती त्या नावानं खेळत होती, आणि क्लासमधल्या पोरांना अस्मिता कोण ते ठाऊक नसलं तरी निळी घार कोण ते ठाऊक असायचं.

त्या दिवशी घरी जाताना तिला राग यायला हवा होता. पण आपण खेळलेला खेळ एका परक्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त आठवतो, याचंच तिला नवल वाटत राहिलं. आठवडाभरानं तिनं त्याला मेसेज केला: 'मला शिकवाल का?'

उत्तर आलं: 'उद्या दुपारी ये.'

निकेशचा फ्लॅट द्रोणागिरीतच होता, सहाव्या मजल्यावर. बिल्डिंग नवी, पण राहायला आलेली कुटुंबं जेमतेम पाच. बाकी दारांना कुलपं. लिफ्टमधून बाहेर पडलं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. आतल्या खोलीत दोन खुर्च्या, एक मोठा टीव्ही, आणि एका अख्ख्या भिंतीवर मार्करनं काढलेला बेटाचा नकाशा. तिथंच तिला दिशा भेटली. निकेशची मावसबहीण, उरणच्या कोळीवाड्यातली, सतत हसणारी. दिशा आणि अस्मिता, ही त्यानं ठरवलेली जोडी.

"पंधरा दिवस गोली मारायची नाय," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "फक्त जिवंत राहायचं."

अस्मिताला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. पण तो खरंच बोलत होता. पंधरा दिवस ती बेटावर नुसती लपली, पळाली, ऐकत बसली. तो हेडफोन तिच्या कानावर चढवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि पावलांचे आवाज ऐकवायचा. गवतावरची, पत्र्यावरची, लाकडी जिन्यावरची.

"किती मानसं?"

"दोन."

"तीन. तिसरा थांबून तुला आयकतोय."

तेराव्या दिवशी तिला तो तिसरा ऐकू आला. श्वास नाही, पाऊल नाही. पण त्या कोपऱ्यातून येणारा वाऱ्याचा आवाज कुणीतरी अडवत होतं. ती इतकी आनंदली की हेडफोन काढून ओरडलीच. निकेश पहिल्यांदा हसला.

संध्याकाळी तो तिच्या हरलेल्या मॅच टीव्हीवर पुन्हा लावायचा. "मेलीस कुठं ते मला नको सांगू. मरन सुरू कुठं झालं ते सांग." मग दोघं मागं मागं जायचे. गोळी लागली ती झाडाखाली, पण झाडाखाली ती आली कारण पूल चुकला होता, आणि पूल चुकला कारण त्याच्याही आधी ती दिशाशी नीट बोलली नव्हती. असं तिला आजवर कुणीच शिकवलं नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही. बसमधून घरी परतताना तिचं डोकं चरचरत असायचं, भूक लागलेली कळायची नाही.

फेब्रुवारीपर्यंत तो मॅच संपल्यावर बोलायचा. ज्या लीगमध्ये त्यानं दोघींचं नाव घातलं होतं तिच्या ऑनलाइन फेऱ्या सुरू झाल्या तसा मॅच चालू असताना बोलायला लागला. त्या फेऱ्यांत कोचनं बोलायला बंदी नव्हती. तो दोघींच्या खुर्च्यांमागं उभा राहायचा आणि आधी वाक्यं बोलायचा, मग नुसते शब्द.

"थांब. डावी. थांब. आता. जा."

शब्द जसे कमी झाले तशा त्या जिंकत गेल्या. अस्मिताचं बोट त्याच्या आवाजाच्या मागोमाग हलायचं. मध्ये काही लागायचंच नाही. शंभरेक जोड्यांमधून त्या दुसऱ्या आल्या आणि मेमध्ये बेलापूरला होणाऱ्या फायनलसाठी निवडल्या गेल्या. चौदा एप्रिलला विहारात तिचा सत्कार झाला. भगवाननं वेअरहाऊसमधल्या सगळ्यांना फोटो दाखवले. "मोबाइल खेळून सत्कार होतो, हे मला कोण सांगणार होतं!" तो आईला म्हणाला आणि पुन्हा एकदा फोटो उघडून बसला.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी अस्मिता बेलापूरला रस्ता ओलांडायला उभी होती. सिग्नल सुटला, माणसं निघाली, ती तिथंच. सिग्नल पुन्हा लाल झाला. मागच्या बाईनं ढोसलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण कुणीतरी 'जा' म्हणायची वाट बघतोय.

तिनं ते हसण्यावारी नेलं. पण रविवारी दुपारी घरी कुणी नसताना ती एकटीच खेळायला बसली. हेलिकॉप्टर बेटावर आलं. बंदर गेलं, गोदामं गेली, टेकडी गेली. तिचा अंगठा उडीच्या बटणावर होता. बेट संपलं, आणि न उतरणाऱ्यांना खेळ शेवटी आपणच ढकलून देतो तसं तिला समुद्राच्या कडेला टाकलं. नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल म्हणून तिनं परत खेळ लावला. परत तेच. अंगठा जागेवर, आणि कान मागं लागलेला, रिकाम्या स्वयंपाकघराकडं.

सोमवारी ती निकेशला म्हणाली, "दादा, एक दिवस मी एकटी खेळू का? तुम्ही बघू नका. नंतर सांगा काय चुकलं ते."

"सीझन संपल्यावर."

"एकच दिवस."

"फायनल तोंडावर हाय नि तुला आता प्रयोग सुचतात?" तो चिडला नव्हता. नकाशावर खूण करत होता. "बस."

त्या संध्याकाळी घरी तिनं खेळ उघडला तर निळी घार उघडेना. पासवर्ड बदललेला. जुन्या मॅच बघता याव्यात म्हणून तिनंच महिन्यापूर्वी त्याला आयडी दिली होती. फोन केला तर तो म्हणाला, "सेफ्टीसाठी बदलला. कोनी हॅक केली तर? ओटीपी माज्या फोनवर येतो आता, टेन्शन घेऊ नको. खेलायचं तर हितं ये."

फोन ठेवून ती पलंगावर बसून राहिली. लीगच्या नियमानं फायनलपर्यंत जोडी बदलता येत नव्हती. ती बाहेर पडली तर दिशाही बाहेर. आयडी त्याच्याकडे. क्लासला दोन महिन्यांत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. विहाराच्या फलकावर तिचं नाव अजून तसंच होतं. कुणी तिला बांधून ठेवलं नव्हतं, कुणी हात उगारला नव्हता. एकेक गोष्ट तिनंच आपल्या हातानं देऊन टाकली होती.

वडिलांना सांगून बघितलं. भगवान जेवत होता.

"पप्पा, मला तिथं गुदमरल्यासारखं होतं."

"कडक आहे का?"

"कडक नाही. म्हणजे... सगळं तेच ठरवतात."

"बाळा, शिकवणारा माणूस आहे तो," भगवान म्हणाला. "मला फोर्कलिफ्ट कुणी शिकवली नाही. दोन वेळा मरता मरता वाचलो. तुझ्या मागं कुणीतरी उभं आहे, हे लहान समजू नकोस."

त्याचं काही चूक नव्हतं, आणि म्हणूनच सिग्नलचं अस्मितानं मनातच ठेवलं.

लिफ्टपाशी एकदा तिनं दिशाला विचारलं, "तुला होतं का गं असं?"

"मला?" दिशा हसली. "जेवताना पन दादा सांगतो, आता पानी पी. मी पिते." दोघी हसल्या. मग लिफ्ट आली तरी दोघीही तशाच उभ्या राहिल्या.

फायनलच्या हॉलमध्ये स्टेज होतं, दिवे होते. तीन मॅच, तिन्हींचे गुण मिळून निकाल. आणि इथं मात्र कोचनं प्रेक्षकांत बसायचं. दोन मॅचच्या मध्ये दहा मिनिटं तेवढी भेटायची परवानगी. अस्मितानं आयोजकांनी दिलेला हेडफोन चढवला आणि आत काहीच नव्हतं. हेलिकॉप्टरची घरघर, आणि बाजूला दिशाचा श्वास. दोघी बेटाच्या टोकाला उतरल्या आणि चौथ्या मिनिटाला मेल्या.

ब्रेकमध्ये निकेश कागद घेऊन आला. कुठं उतरायचं, कुठला पूल, कितव्या मिनिटाला काय, सगळं ताठ अंगठा सांभाळत, कसंबसं लिहिलेलं. "ह्येच करायचं. ह्याच्या भायेर काय बी नाय."

तिनं कागद पाठ केला. पण दुसऱ्या मॅचमध्ये गोल कागदापासून उलट्या बाजूला आवळला. कागदातला पूल लांब राहिला आणि तरीही ती त्याच पुलाकडं पळत राहिली.

दुसऱ्या ब्रेकला तो परत आला. बोलायला तोंड उघडलं तशी अस्मिता म्हणाली, "आता नको, दादा."

त्याला नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. तो तिथंच उभा राहिला, आयोजकांनी हात धरून मागं नेईपर्यंत.

तिसरी मॅच सुरू झाली. "कुठं उतरायचं?" दिशानं विचारलं.

"माहीत नाही."

"तरी बोल."

"बंदराच्या मागं," अस्मिता म्हणाली आणि बटण दाबलं.

पुढची अठरा मिनिटं ती कधी विसरणार नाही. पत्र्यावरची पावलं तिनं मोजली. लपलेल्यांना ओळखलं. पूल सोडून पाण्यातून गेली. गोल आवळत गेला, जोड्या संपत गेल्या, आणि शेवटच्या सहांत त्या पोचल्या तेव्हा तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. "थांब. डावी. थांब. आता." तेच शब्द, तोच तुटक सूर. आणि शेजारी दिशा काही न विचारता हलत होती, खुर्चीमागं तो उभा असताना अस्मिता हलायची अगदी तशी.

समोर भिंतीआड एक जोडी होती. अस्मिताला दिसत होतं काय करायचं ते.

"दिशा, तुला काय वाटतं?"

"काय?" दिशा गोंधळली. तिला असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढा अर्धा सेकंद भिंतीआडच्यांना पुरला.

एकूण निकालात त्या चौदाव्या आल्या. परतीच्या टॅक्सीत निकेश पुढं बसला होता. उरण फाट्यापर्यंत तो फोनवर तिसरी मॅच पुन्हा पुन्हा बघत होता.

दुसऱ्या दिवशी अस्मिता त्याच्या फ्लॅटवर गेली. टीव्हीवर तीच मॅच होती, भिंतीपाशी थांबवलेली.

"मला माझी आयडी पाहिजे," ती दारातूनच म्हणाली.

"जिंकत होतीस तू. का विचारलंस तिला?"

"विचारावंसं वाटलं."

"आर्धा सेकंद."

"माहीत आहे."

त्यानं टीव्ही बंद केला. "आयडी तुजी हाय. पन चार महिने तिच्यात डोकं कोनाचं होतं?" मग त्यानं उजवा हात वर केला. आवाज खाली आला. "ह्यानं येक बटन दाबता येत नाय मला. तुज्या हातांनी मी परत खेललो, पोरी. बरा झाल्यासारखा खेललो." त्यानं खुर्ची पुढं सरकवली. "बस."

ती बसली.

बसल्यावर तिच्या लक्षात आलं. या माणसानं तिला जेवढं दिलं तेवढं कुणी दिलं नव्हतं, आणि तो आत्ता रडवेला झाला होता, आणि ती पुन्हा त्याच खुर्चीत होती. आणखी एक शब्द तो बोलला असता तर ती उठली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो बोलला नाही. ती उठली.

"येते, दादा," म्हणाली आणि आयडी न घेताच बाहेर पडली. लिफ्टची वाटही न बघता जिन्यानं खाली आली.

घरी तिनं वडिलांना सगळं सांगितलं, सिग्नलचंसुद्धा. भगवाननं ऐकून घेतलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर निघताना म्हणाला, "क्लासची फी वाया गेली नाही ना? जा मग उद्यापासून." लगेच थांबून म्हणाला, "म्हणजे तुला वाटलं तर."

तिनं नवी आयडी काढली. पहिली पायरी, कुणी ओळखत नाही. दिशा रविवारी उरणहून येते. कुठं उतरायचं यावरून दोघी भांडतात आणि बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी मरतात. ऐकणं मात्र शाबूत आहे. मागून येणारा तुटक आवाजही अजून पुरता गेलेला नाही. कधीकधी ती त्याच्या आधी उडी मारते, कधी नाही.

मागच्या महिन्यात दिशाच्या फोनवर मित्रांच्या यादीत निळ्या घारीसमोर हिरवा ठिपका दिसला. ठिपका दाबला की चालू मॅच बघता यायची. कुणीतरी खेळत होतं. अडखळत, चुकीच्या हातानं, दोन मिनिटांत मरून पुन्हा सुरू करत.

"दादाच हाय," दिशा म्हणाली. "मेसेज करू?"

"नको," अस्मिता म्हणाली. मग म्हणाली, "थांब," आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिला वाईट वाटलं. "तुला करायचा असेल तर कर गं."

दिशानं मेसेज केला. उत्तर अजून आलेलं नाही.