कॅसेटमधली बाई

लातूरच्या ‘माळरान’ पार्टीची कॅसेट एसटीतून कंधारच्या स्टँडवर उतरली, तेव्हा गाव दोनच गोष्टींची वाट पाहत होतं, टँकरची आणि हिची. टँकरचा पत्ता नव्हता. मग काय, घागरी रांगेत ठेवून अर्धं गाव हणमंतरावच्या हॉटेलात शिरलं. हणमंतरावकडे दोन स्पीकरचा टेप होता आणि त्याचा त्याला असा तोरा, जणू रेडिओ स्टेशन याच्याच बापाने काढलं.

माळरान म्हणजे चार पोरं. हलगी, संबळ, आणि जोडीला करंटवर वाजणारी गिटार आणि ऑर्गन. रानात बायका जी गाणी म्हणतात तीच ही पोरं अशी दणक्यात वाजवायची, की चांगली पटकेवाली माणसं उठून नाचायची. लातूर नवा जिल्हा झाला, त्या आनंदात तिथं त्यांचा जंगी कार्यक्रम झाला होता. तोच आता लोकांच्या शिट्ट्या-टाळ्यांसकट कॅसेटमध्ये आला होता.

सगळ्यांत पुढे, टेपला जवळजवळ नाक लावून, पंचशीला उभी होती. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. त्या कार्यक्रमाला ती आईला, म्हणजे सरजाबाईला घेऊन गेली होती. गाणं ऐन रंगात आलं आणि करंट गेला. गिटार मुकी, गाणाऱ्याचा माईक मुका, नुसती हलगी चालू. तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून सरजाबाईने पुढचं कडवं उचललं. एकटीने. सगळं मैदान चिडीचूप झालं होतं.

पंचशीलाने गावात येऊन हे सांगितलं आणि गाव पोट धरून हसलं. हणमंतराव म्हणाला, “रोजगार हमीवर खडी फोडणारी सरजा लातूरचं मैदान गप करून आली व्हय? पोरी, थाप मारावी, पर बेताची.” तेव्हापासून पाण्याच्या रांगेत बायका सरजाबाईला ‘लातूरची गाणारीण’ म्हणून चिडवायच्या. बिचारीने कामावर गुणगुणायचंसुद्धा सोडून दिलं. पंचशीलाला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. आपण तोंड उघडलं आणि आईचं बंद झालं.

आता भिस्त होती ती या कॅसेटवर. टाळ्या टिपायला कॅसेट कंपनीच्या माणसाने बायकांजवळ वेगळा माईक ठेवला होता, आणि त्याचं यंत्र बॅटरीवर चालत होतं. हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण कंपनीने तो तुकडा ठेवला की कापून टाकला, कुणास ठाऊक!

टेप सुरू झाला. पहिल्याच हलगीला व्यंकटी बाकड्यावर चढला. हा माळरानचा असा भक्त, की गिटारवाल्यासारखे केस खांद्यापर्यंत वाढवून बसलेला. कार्यक्रमाला हाही गेला होता, पण एसटी धरायला करंट जायच्या आधीच उठला होता. “ही शिट्टी माझी!” तो ओरडला. पुढच्या गाण्यातली शिट्टीही त्याचीच निघाली, आणि त्याच्या पुढचीही.

“आरं, बाकीचं मैदान काय झोपलं होतं का?” कुणीतरी विचारलं.

कॅसेट उलटली. ते गाणं लागलं. गिटार चढत गेली, चढत गेली, आणि खट्कन बंद.

“खाल्ली वाटतं टेपनं,” म्हणत हणमंतरावने बटणाकडे हात नेला. पंचशीलाने तो मनगटातच धरला. “काका, हात लावू नका!”

हलगी एकटीच वाजत होती. आणि मग आवाज आला.

*ढग आला, ढग गेला, गेला माळाच्या पल्याड,*
*माझ्या रानाला गं बाई, कुणी लाविलं कवाड…*

हॉटेलात कुणी बशी वाजवेना. कडवं संपलं, कॅसेटमधलं मैदान टाळ्यांनी फुटलं आणि पाठोपाठ हॉटेलही फुटलं. “वन्समोअर! वन्समोअर!” टेपलाच वन्समोअर देणारं गाव हे! व्यंकटी नाचता नाचता ओरडला, “जिल्हा लातूरचा, पर आवाज कंधारचा हाय!” हणमंतराव खाली मान घालून मुकाट्याने कॅसेट मागे फिरवायला लागला. पंचशीलाला हसूही येत होतं आणि रडूही.

त्याच वेळी सरजाबाई कामावरून आली. डोक्यावर टोपलं, अंगभर खडीची धूळ. एवढा गलका ऐकून ती दारात थबकली. हणमंतरावने कडवं पुन्हा लावलं. सरजाबाई डोळे बारीक करून ऐकत राहिली.

“कोण गं ही बाई?” तिने लेकीला विचारलं. “लई मोकळं गाते.”

सगळं हॉटेल हसलं. “आई, तूच हायेस ती!”

“ये, गप. ह्यांनी चिडवलं ते कमी पडलं का, आता तू बी?” सरजाबाई खरंच रागावली. “माझा आवाज असला न्हाई. माझा फाटका हाय.”

सगळ्या गावाला पटलं होतं, आणि जिला पटायला हवं तीच मानायला तयार नव्हती.

“मग म्हणून दाखव,” पंचशीला हट्टाला पेटली. “टेपबरोबर म्हण. होऊ दे सगळ्यांसमोर.”

“म्हणते की! मला काय भ्या हाय!” सरजाबाईने टोपलं उतरवलं. कडवं तिसऱ्यांदा लागलं. तिने टेपबरोबर पहिली ओळ धरली, ती फरक दाखवून द्यायच्या ईर्ष्येनंच. दुसरी धरली. फरक कुठेच सापडेना. ‘कवाड’ शब्दापाशी टेपमधली बाई वर चढली तशी हीही चढली, आणि मधेच गप्प झाली. टेप तेवढा पुढे गात राहिला.

तिने पदर तोंडाला लावला. मग लेकीकडे वळून, जरा तक्रारीच्या सुरातच म्हणाली,

“आन मग इतक्या वर्सांत हे मला कुणी सांगितलं कसं न्हाई गं?”