सात नंबरची शिंदी

ढाक्याहून फोन आला तेव्हा मोहसिना ताडपत्री धूत होती. तिची नोकरीच तशी. सकाळी वटवाघळांच्या झाडाखालच्या ताडपत्रीवर पडलेलं मूत नळीत भरायचं, शिंदीच्या मडक्यातला थोडा रस दुसऱ्या नळीत, आणि सगळं बर्फात घालून प्रयोगशाळेत धाडायचं. तिथे वटवाघळांतून माणसात येणाऱ्या विषाणूची जनुकीय अक्षरं वाचतात. यंदा एक नमुना तिच्या नवऱ्याच्या, तोफज्जलच्या घशातला होता. त्याला जाऊन वीस दिवस झाले होते. ती रडलीच नव्हती. लोक म्हणत, बाईचा दगड झालाय. झालाच होता.

"अठरा हजार अक्षरं, एकाचाही फरक नाही," फोनवरची बाई म्हणाली. "घशातला नमुना आणि सात नंबरच्या शिंदीचा रस."

सात नंबर म्हणजे अब्बांचीच शिंदी. वटवाघळांनी मडक्याला तोंड लावू नये म्हणून गावातल्या झाडांना बांबूचे पडदे बांधायला तिनंच शिकवलं होतं. फक्त सातचा पडदा तिनं आठवडाभर काढला, कॅमेऱ्यात वटवाघळं दिसावीत म्हणून. "रस ओतून टाका, अब्बा," असं सांगून ठेवलं. ते बरं म्हणाले. पण तीन दिवस विसावलेल्या झाडाचा पहिला, सगळ्यात गोड रस, घरात जावई आलेला, आणि रस काढण्यात जन्म गेलेला माणूस तो मातीत ओतेल? त्याच माणसाची लेक असून हिला एवढं कळू नये?

अब्बा, कासेम, अंगणात बसले होते. वीस दिवसांत झाडावर चढले नव्हते.

"आला का कागद?"

"आला."

"माझ्याच मडक्यातला का गं?"

तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. "नाही. बाजारात प्यायला होता तो."

कासेमनी डोळे मिटले, पुसले. मग उठले, कोयता काढला आणि दगडावर धार लावायला बसले.

"जीव नुसता टांगणीला लागला होता बघ. तू पण किती वाळलीस, पोरी. सातची शिंदी चांगली विसावलीय. पडदा बांधतो अन् परवा पहिला रस तुला. कच्चाच पी, अंगी लागेल."

मोहसिनानं त्यांच्या हातातून कोयता काढून घेतला.

"सातच होती, अब्बा. पडदा मी काढला होता."

दगडावरचं पाणी ओघळून गेलं.

"ओतून टाका म्हणाली होतीस तू," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"फार गोड होता गं. त्यानं दुसरा पेला मागून घेतला."