ओल्या पायांचा जाब

मित्रांनो, मी लहान मुलांच्या हिवाळी बुटांचा एक जुना जोड आहे. तसे आम्ही दोघे, एक उजवा आणि एक डावा. पण जन्मापासून एकत्र राहिलो म्हणून 'मी' असेच म्हणतो. माझा निळा रंग उडाला आहे, नाकाडावर खरचटल्याच्या खुणा आहेत. पण माझ्या रूपाचे रडगाणे गायला मी आलेलो नाही. मला राग आला आहे. तो का आला, ते तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका लहान कारखान्यात झाला. तिथला हिवाळा थट्टा करत नाही. म्हणून तिथल्या माणसांनी मला मन लावून घडवले. खालचा भाग सलग रबराचा ओतला, पाणी शिरायला फटच ठेवली नाही. वर जाड चामडे लावले. आत नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा मोजा बसवला, ओला झाला तर बाहेर काढून वाळवता येईल असा. शेवटी एक बाई माझ्या आत हात घालून सगळीकडे बोटे फिरवायची. कुठे काही टोचत तर नाही ना, हे ती बघायची. लहान मुलाचा पाय आत जाणार आहे, हे तिला ठाऊक होते.

तिथून मी न्यू जर्सीतल्या एका मोठ्या दुकानात आलो. तिथे मला पहिला धक्का बसला. आया यायच्या, मला उचलायच्या, आत हात घालून म्हणायच्या, "वा, किती गरम आहेत!" मग माझा तळ उलटा करून किमतीची चिठ्ठी वाचायच्या आणि मला हळूच पुन्हा फळीवर ठेवायच्या. काहीजणी तर इकडेतिकडे बघून ठेवायच्या, जणू त्यांनी काही चोरले होते. माझी किंमत मी ठरवली नव्हती. पण प्रत्येक वेळी मलाच मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. थंडीत मुलाचे पाय गरम राहणे ही चैन कधीपासून झाली?

अखेर एडिसनला राहणाऱ्या सुनेत्राने मला विकत घेतले. तिची मुलगी आरोही तेव्हा दुसरीत होती. पोकोनोच्या डोंगरात सगळे बर्फात खेळायला जाणार होते. तिथे मी आरोहीच्या पायांत खूप धावलो, घसरलो, बर्फाच्या ढिगात अगदी काठापर्यंत रुतलो. संध्याकाळी तिने मला काढले तेव्हा तिची बोटे कोरडी आणि गुलाबी होती. "बेस्ट बूट्स एव्हर!" असे ती म्हणाली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

आणि मग त्या शाबासकीबरोबरच मी गॅरेजमधल्या एका प्लास्टिकच्या खोक्यात गेलो. पुढच्या हिवाळ्यात आरोहीचा पाय मोठा झाला. नवे बूट आले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी नवे. मुलांचे पाय वाढणारच, त्यात आरोहीचा काय दोष? पण मी तर धडधाकट होतो! सुनेत्रा अधूनमधून खोके उघडायची, मला हातात घ्यायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, "कुणाला तरी द्यायला हवेत. पण वापरलेले बूट कसे द्यायचे? बरं दिसत नाही." आणि झाकण पुन्हा बंद. माझ्या शेजारी आरोहीचे आणखी दोन जोड येऊन पडले. आम्ही सगळे उबदार, आम्ही सगळे बिनकामाचे.

मग एका हिवाळ्यात खोक्याचे झाकण तुटले आणि मी वरच्या वर दिसेल असा पडलो. सकाळी कामाला निघताना सुनेत्रा गॅरेजचे दार उघडायची तेव्हा समोरचा कोपरा मला दिसायचा. तिथे शाळेची बस थांबते. आता पाचवीत गेलेली आरोही तिथे उभी राहायची. तिच्याजवळ एक नवी, लहानशी मुलगी दिसू लागली. तिचे नाव अनया. तिचे आईबाबा, राधिका आणि परीक्षित, पुण्याहून आले होते आणि पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये राहत होते. परीक्षितची नोकरी नुकतीच गेली होती. सुनेत्रा फोनवर कुणाला तरी हळहळून सांगत होती, म्हणून मला कळले.

अनयाच्या पायांत पांढरे, केसाळ, चमकीचे बूट होते. लांबून फार गोजिरवाणे दिसत. पण मी बूट आहे, मला बुटातले कळते. बर्फ नसतानाही त्यांच्या शिवणी ओल्या दिसायच्या. अनया एका पायावर उभी राहायची, मग दुसऱ्या पायावर. मी खोक्यातून मनात ओरडायचो, "अरे, कुणीतरी तिच्या पायांकडे बघा!" पण आमचा आवाज कुणाला ऐकू जातो?

फेब्रुवारीत मोठा बर्फ पडला. शाळा बंद राहिली आणि मग उघडली. रस्त्याच्या कडेला बर्फाचा काळा चिखल साचला होता आणि वारा कापत होता. त्या सकाळी बस नेमकी उशिरा आली. मुले चढू लागली, पण अनया जागची हलेना. पाय उचलायला गेली आणि खालीच बसली.

समोरच्या घरातल्या रत्नाकाकू दारातला बर्फ फावड्याने बाजूला करत होत्या. त्या लहान मुलांच्या डॉक्टर, आता निवृत्त. फावडे टाकून त्या धावल्या. आरोहीने बस सोडली आणि दोघींनी मिळून अनयाला सर्वांत जवळच्या उघड्या दारात आणले. ते आमचेच गॅरेज होते. घरात जाणाऱ्या पायरीवर तिला बसवून काकूंनी ते केसाळ बूट ओढून काढले. त्यांतून पाणी गळले. आतला सुखतळा पुठ्ठ्याचा होता. तो भिजून त्याचा लगदा झाला होता. मोजे काढले तेव्हा अनयाची बोटे मेणासारखी पांढरी पडलेली होती.

सुनेत्रा घाबरून खाली वाकली आणि बोटे चोळायला लागली.

"चोळू नकोस!" काकू कडाडल्या. "टबात कोमट पाणी आण. कोमट, गरम नाही. आणि तिच्या आईला फोन कर." मग त्या अनयाला हळू आवाजात म्हणाल्या, "बाळा, पाय कधीपासून ओले होतात तुझे?"

"एव्हरी डे," अनया म्हणाली. "पण आईला सांगू नका ना काकू. बाबाचा जॉब गेलाय. शी विल बी सॅड."

मित्रांनो, तुमच्याएवढी ती मुलगी! तिच्या डोक्यात हे ओझे होते आणि पायांत पाणी.

कोमट पाण्यात बोटांना हळूहळू रंग आला. रंग येताना फार दुखते. अनया रडली तेव्हा काकू म्हणाल्या, "रड, खुशाल रड. दुखतंय म्हणजे बोटं शाबूत आहेत." तेवढ्यात राधिका धापा टाकत आली. लेकीचे पाय बघून ती टबाशेजारी खालीच बसली.

"मी वाचून घेतले होते हो काकू," ती म्हणाली. "वॉटरप्रूफ लिहिलं होतं. उणे तापमानातही गरम, असं लिहिलं होतं पाटीवर. महागातले नाही जमले, पण मी वाचून घेतले होते."

 तेव्हा आरोही म्हणाली, "मॉम, माझे ओल्ड बूट्स आहेत ना तिथे. तिला फिट होतील."

सुनेत्रा शरमेने लाल झाली. "अगं, वापरलेले कसे द्यायचे? राधिकाला काय वाटेल? बरं दिसतं का ते?"

"आणि हे बरं दिसतं?" काकूंनी अनयाचे पाऊल पाण्यातून वर उचलून तिच्यासमोर धरले. "हे बघ. हे बरं दिसतं का तुला?"

 सुनेत्रा खोक्याजवळ आली आणि तिने मला बाहेर काढले. राधिका क्षणभर अवघडली. "नको हो सुनेत्राताई, आम्ही घेऊ नवीन," असे म्हणालीसुद्धा. पण अनयाने पाय पुढे केले होते. कोरडे मोजे, मग नमदा, मग मी. कित्येक हिवाळ्यांनंतर माझ्या आत एक पाऊल आले होते, आणि ते थरथरत होते.

तुम्हांला वाटेल, गोष्ट इथे गोड झाली. नाही झाली. राधिकाने ते ओले, केसाळ बूट पिशवीत घातले आणि म्हणाली, "काकू, मला त्या दुकानात जायचंय."

दुपारी रत्नाकाकूंनी गाडी काढली. अनया सोबत होती म्हणून मीही होतो. हायवेवरचे ते अवाढव्य दुकान. बाहेर बर्फाचे ढीग, आणि आत दाराशीच काय मांडलेले असावे? पोहण्याचे कपडे आणि समुद्रावर घालायच्या चपला! हिवाळी बूट मागितले तर म्हणे सीझन संपला. बर्फाला कुणी कळवले होते का, की सीझन संपला? फक्त मागच्या कोपऱ्यात त्या केसाळ बुटांचा उरलेला ढीग होता, आणि त्यावर तीच मोठी पाटी: गरम, वॉटरप्रूफ.

मॅनेजर तरुण होता आणि नम्र होता. "मॅडम, घातलेले बूट आम्ही परत घेत नाही. हवं तर त्याच किमतीचं दुसरं काही घ्या." त्याने चपलांकडे हात केला.

राधिका शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "मला काही नको. ती पाटी काढा."

"पाटी हेड ऑफिसकडून येते. मला काढता येत नाही."

राधिकाने ढिगातला एक कोराकरकरीत बूट उचलला. अनयाच्या दप्तरातली पाण्याची बाटली घेतली आणि ती त्या बुटात ओतली. मग बूट त्याच्या काउंटरवर धरला. आधी एक थेंब पडला. मग धार लागली. पाणी काउंटरवरून त्याच्या कीबोर्डकडे वाहू लागले.

"मॅडम! मी सिक्युरिटीला बोलावेन."

"बोलवा," रत्नाकाकू पुढे झाल्या. "मी डॉक्टर आहे. आज सकाळी या मुलीच्या पायांचं काय झालं, ते मी त्यांनाही सांगते."

राधिका तिथून हलली नाही. ती त्या ढिगाजवळ जाऊन उभी राहिली. जी आई तिथे येईल तिला ती गळका बूट दाखवायची. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता, मग कापायचा थांबला. एक स्पॅनिश बोलणारी बाई लेकीला घेऊन आली होती. तिने हातातला जोड खाली ठेवला, माझ्याकडे बोट दाखवले आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, "हे कुठे मिळाले?"

"शेजारणीने दिले," राधिका म्हणाली. "तिच्या मुलीचे जुने आहेत." सकाळी जे घेताना तिची मान वर होत नव्हती, तेच तिने भर दुकानात मोठ्याने सांगितले. मग तिने त्या बाईचा फोन नंबर घेतला.

गर्दी जमू लागली तेव्हा मॅनेजर आला आणि काही न बोलता पाटी काढून घेऊन गेला. बूट मात्र तिथेच राहिले. माफीचा एक शब्दही कुणी उच्चारला नाही.

परत आल्यावर काकूंनी सुनेत्राला सगळे सांगितले.  सुनेत्राने मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिले, "मुलांचे पडून असलेले बूट शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये आणा. ज्यांना लागतील त्यांनी घेऊन जा."

शनिवारी टेबलावर बूटच बूट झाले! एवढे सगळे आमच्यासारखे कोंडलेले होते, हे बघून माझा संताप आणखी वाढला. पण गंमत अशी की द्यायला सगळे आले आणि घ्यायला कुणी पुढे होईना. "आमच्याकडे आहेत हो," असे म्हणत जो तो कॉफी पीत उभा. राधिकाने फोन करून बोलावलेली ती स्पॅनिश बोलणारी बाईही दाराशीच घुटमळत राहिली.

तेव्हा सुनेत्रा टेबलाजवळ गेली. तिने एक तपकिरी जोड उचलला, आरोहीला खुर्चीवर बसवले आणि सगळ्यांसमोर तिच्या पायांत घातला. "बघ बरं, बोटं टेकतात का पुढे? नाही ना? मग हेच घेऊ या. यंदा नवीन नको." आरोही उड्या मारून बघू लागली. एकजण हसली, मग दुसरी पुढे झाली. थोड्या वेळाने त्या गॅरेजमध्ये उभे राहायला जागा नव्हती. त्या स्पॅनिश बोलणाऱ्या बाईची मुलगी लाल बूट घालून गेली. कुणाचे कुणाला गेले, हे कुणी विचारले नाही.

आता तो मेळा दरवर्षी भरतो, बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी. परीक्षितला पुन्हा नोकरी लागली आहे. अनयाचा पाय वाढला आणि मी पहिलीतल्या ऋताकडे आलो. ती घरभर मला घालूनच फिरते आणि आईची बोलणी खाते.

पण माझा राग गेलेला नाही. यंदाही कुठल्या तरी दुकानात पुठ्ठ्याचे बूट 'गरम' म्हणून विकले जात असतील. यंदाही चांगले बूट कुणाच्या तरी गॅरेजमध्ये झाकण लावून पडले असतील, फक्त 'बरं दिसत नाही' म्हणून.

म्हणून मित्रांनो, तुम्हांला माझी एक विनंती आहे. घरात लहान झालेले बूट असतील तर आईचा हात धरून तिला तिथे घेऊन जा. नवे बूट घेताना आत हात घालून बघा, सुखतळा वाकवून बघा, शिवणी तपासा. आणि तुमचे पाय ओले होत असतील, तर शहाण्या मुलासारखे गप्प बसू नका. मोठ्याने सांगा. घरी सांगा, शाळेत सांगा, समोरच्या काकूंना सांगा. त्यात तुम्ही लाजायचे काही कारण नाही. ज्यांनी तुमचे पाय ओले ठेवले, त्यांना लाजू द्या.