कापसातली मुकादमीण

गादीच्या दुकानात एक अर्धी शिवलेली गादी मायलेकींच्या मधे उभी होती. लेकीने या बाजूने दाभण खुपसायचा, आईने पलीकडून ओढून घ्यायचा, दोरा आवळायचा आणि वीतभर अंतर सोडून परत पाठवायचा. इतकी वर्षं हे काम गप्पांच्या लयीत चालत आलं होतं. आज मात्र कापडातून दोरा सरकल्याची खरखर तेवढी उरली होती. दाभणाचं टोक अवचित समोर उगवे आणि लेकीला वाटे, सांगायचं राहिलेलं सगळं हिने या टोकावर ठेवून धाडलं आहे.

निमित्त टेंपोवाल्याचं झालं. गाद्या पोचवणारा तो जुना माणूस सकाळी दारात येऊन सहज विचारून गेला की ताईंचं शिलाई मशीन कधी उचलायचं आणि नव्या गाळ्याला जिना आहे का. मशीन मागे घालू, ताईंना पुढे बसवून नेऊ, असं म्हणून हसलाही. लेक आईकडे वळली. कुठला गाळा? कुणी ठरवलं? आईने मान वर न करता सांगून टाकलं: नदीपलीकडच्या बाजारात तिच्यासाठी जागा पाहिली आहे, मागे राहायला खोली आहे, इथे हाताखाली दुसरी बाई येईल. गिऱ्हाइकाला गादीचं माप सांगावं तसं.

तिशी उलटलेल्या लेकीला असं बाहेर काढतात? धाकटा भाऊ आपल्या पायांनी गेला, त्याचं कौतुक झालं. ही राहिली. आईचा चहा, आईच्या औषधांच्या वेळा, आईचे रुसवे, सगळं हिने अंगावर घेतलं, त्याचं हे फळ. राग छातीत पिंजलेल्या कापसासारखा फुगत गेला. दाबावा तितका वर येणारा.

तेवढ्यात कोपऱ्यात मांजरी फिस्कारली. कापसाच्या ढिगावर तिचं राज्य होतं. कामावर नजर ठेवून बसते म्हणून तिला मुकादमीण म्हणत. तिचा बोका तिच्याएवढा झाला होता, तरी पोटाशी डोकं खुपसून दूध मागत होता. मुकादमिणीने त्याच्या थोबाडीत दिली. तो मागे सरला, पुन्हा आला. तिने पुन्हा दिली, या खेपेला नखांसकट, आणि उडी मारून फळीवर जाऊन बसली. बोका खाली केविलवाणा ओरडत राहिला.

लेकीला ते पाहवलं नाही. तिने दाभण टाकला, मांजरीला फळीवरून ओढून काढलं, कापसावर आडवं पाडलं, एका हाताने मान आणि दुसऱ्याने मागचे पाय दाबून धरले.

"पी रे," ती बोक्याला म्हणाली. "बघतेच कशी पाजत नाही ते."

बोका तुटून पडला. मुकादमिणीच्या घशातून जो आवाज निघाला, तो त्या दुकानात कुणी कधी ऐकला नव्हता.

आई गादीला वळसा घालून आली. "सोड तिला."

"का? पोटचाच आहे ना तिच्या?"

आई खाली बसली. बोक्याला मानगुटीला धरून बाजूला केलं आणि मांजरीच्या पोटावरचे केस बोटांनी विलग केले. "बघ."

आचळांभोवतीची कातडी लालभडक झाली होती. दातांच्या खुणा होत्या, एका ठिकाणी रक्त सुकून काळं पडलं होतं. दुधाचा थेंब नव्हता. लेकीचे हात सैल पडले. सुटता सुटता मांजरीने तिच्या मनगटावर लांबलचक ओरखडा काढला.

"त्याला शिकार येते," आई म्हणाली. "काल उंदीर धरला होता त्याने. खाल्ला नाही, हिच्यापुढे आणून ठेवला."

लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्या लाजेनेच राग अधिक पेटला.

"म्हणजे मी बोका."

"मी मांजराचं बोलतेय."

"माझं टेंपोवाल्याशी बोललीस. त्याला सांगितलंस, मला नाही." तिचा आवाज चिरकला; तो तिने दातांखाली दाबून सरळ केला. "मी तुला कुठे चावले, आई? तेवढं दाखव. मग स्वतः उचलून ठेवते मशीन टेंपोत."

आई जमिनीवर हात टेकून उठू लागली. लेकीचा हात सवयीने पुढे झाला. आईने तो धरला नाही. उभी राहिली, लुगड्याला चिकटलेले कापसाचे पुंजके एकेक करून झटकले. क्षणभर लेकीकडे पाहिलं. मग ती मागच्या दाराने अंगणात उतरली आणि मागे न पाहता चालत राहिली.